चाकाचा पाव फेरा

अण्णा जिन्यात पडले की बसले, यावर घरात अजून एकमत झालं नव्हतं. थोरल्या मुलाच्या मते ते पडले. स्वतः अण्णांच्या मते ते बसले, आणि आपल्याच घरात, आपल्याच पायरीवर माणसाने बसायचं ठरवलं तर त्यात दवाखाना गाठण्यासारखं काय आहे, असा त्यांचा सवाल होता. धाकटा त्या वेळी खाली पुस्तकबांधणीच्या कारखान्यात पुठ्ठे कापत होता. त्याने फक्त धप्प असा आवाज ऐकला होता. बसल्याचा आवाज धप्प असा येतो का, असं थोरल्याने त्याला विचारलं, तेव्हा धाकट्याने आधी अण्णांकडे पाहिलं, मग थोरल्याकडे पाहिलं, आणि ते वजनावर अवलंबून आहे असं सांगून दोघांनाही दुखावलं.

डॉक्टरबाईंनी पडलात की बसलात हे विचारलंच नाही. त्यांनी वजन केलं, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला, रक्त तपासायला पाठवलं आणि साखर उतरवणारी एक गोळी लिहून दिली. गोळी जेवणाबरोबरच घ्यायची, जेवण चुकवायचं नाही. रोज थोडं चालायचं. चहातली साखर हळूहळू कमी करत न्यायची, रात्री दोन घास कमी खायचे, आणि तीन महिन्यांनी दाखवायला यायचं.

हे इतकं साधं होतं की घरातल्या कोणाचाच त्यावर विश्वास बसला नाही. थोरल्याला तर फसवल्यासारखं वाटलं. एवढ्या काचेच्या दारांचा दवाखाना, एवढा वेळ बाकावर बसून काढलेला, आणि आत गेल्यावर काय, तर थोडं चाला. सल्ला निदान अवघड तरी असायला हवा होता.

म्हणून रविवारी त्याने सगळ्यांना वरच्या खोलीत बोलावलं. सगळे म्हणजे अण्णा, अण्णांच्या मोठ्या बहीण असलेल्या आत्या, धाकटा, थोरल्याची बायको आणि त्यांची मुलगी चिमणी. खोलीत पाऊल ठेवलं की समोरच्या भिंतीवर तक्ता दिसत होता. थोरला एका माल पोहोचवणाऱ्या कंपनीत व्यवस्थापक होता. तिथे ट्रक वेळेवर निघेनासे झाले की तो तक्ता लावत असे. ट्रक त्यानंतरही वेळेवर निघत नसत, पण किती उशिरा निघाले ते सगळ्यांना रंगीत दिसे.

या तक्त्यावर लाल अक्षरांत 'कायापालट' लिहिलेलं होतं. उद्यापासून, असं थोरल्याने उभं राहून सांगितलं, या घरात साखर नाही, मैदा नाही, तळलेलं नाही, बेकरीचं नाही. उजाडायच्या आत उठून धावायचं. दोन्ही वेळा उकडलेल्या भाज्या, आणि रात्रीच्या जेवणाऐवजी कोमट पाणी. एकट्या अण्णांवर अन्याय नको म्हणून सगळ्यांनीच हे करायचं. अण्णांनी एरवी विचारलं असतं की अन्याय एकट्यावर झाला तर वाटून घेतल्याने तो कमी होतो का, पण त्या दिवशी ते काही बोलले नाहीत.

मग थोरल्याने खरी गोष्ट काढली. आवाज खाली आणला, कारण हे तो मायेने सांगत होता आणि माया हळू आवाजात बोलते असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं.

"तीन महिन्यांनी आकडे खाली आले नाहीत, तर खालचा कारखाना बंद. अण्णा, तुम्ही माझ्याकडे राहायचं. आमच्याकडे लिफ्ट आहे."

खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलच्या चाकात पंपाने हवा भरत होतं, तेवढा आवाज.

आत्यांनी सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. हयातभर त्यांनी प्राथमिक शाळेत मुलं शिकवली होती, त्यामुळे कोण कोणाच्या बाजूला सरकतंय हे त्यांना खुर्ची न हलताही कळे. थोरली सून नवऱ्याच्या बाजूने होती, कारण आजवर नवऱ्याच्या संकल्पांतले खाण्यावरचे निर्बंध तिने एकटीने सोसले होते, आणि आता सगळा गोतावळा तिच्या पंगतीत येत होता. धाकटाही भावाच्याच बाजूने. तो धप्प आवाज अजून त्याच्या कानातून गेला नव्हता. चिमणी तक्त्याच्या बाजूने होती, कारण तक्त्यात चौकटी होत्या आणि तिच्याकडे खडू होते.

आत्यांना थोरल्याचे आधीचे संकल्प पाठ होते. चालण्याचं यंत्र त्याने हौसेने घेतलं होतं, आता त्याच्यावर टॉवेल छान वाळत. थंड पाण्याच्या आंघोळीचं व्रत होतं, ते सर्दीने मोडलं. कच्च्या भाज्यांचा एक आख्खा महिना होता, तो दुसऱ्या आठवड्यात संपला. शाळेतही त्यांनी हे दरवर्षी पाहिलं होतं. पहिल्या दिवशी नवी वही घेऊन येणारं पोर छातीवर हात ठेवून सांगे, बाई, या वर्षी मी सगळी वही मोत्यासारख्या अक्षरात लिहिणार. पहिलं पान खरंच मोत्याचं असे. चौथ्या पानावर कोंबडी नाचून गेलेली असे. आत्या अशा मुलाला सांगत, राजा, आज फक्त एक ओळ नीट काढ. उद्याची उद्या बघू. पण थोरला त्यांच्या वर्गात कधीच नव्हता. तो दुसऱ्या शाळेत गेला होता, जिथे फळे मोठे होते.

आत्या म्हणाल्या की डॉक्टरबाईंनी सांगितलंय तेवढंच केलं तर? थोरल्याने त्यांना सांगितलं, की आत्या, तुझ्या काळात ते ठीक होतं. आत्यांनी भावाकडे पाहिलं. निदान तो तरी आपल्या बाजूने बोलेल, असं त्यांना वाटलं.

अण्णा म्हणाले, "करू."

आत्या एकट्या पडल्या. तोवर चिमणीने तक्त्यावरच्या सगळ्या चौकटींमध्ये, सगळ्यांच्या नावापुढे, पुढच्या आठवड्यासकट बरोबरच्या खुणा करून टाकल्या होत्या. विचारल्यावर म्हणाली, नंतर वेळ मिळणार नाही. त्या दिवशी त्या खोलीत नियोजनाचं म्हणावं असं काम एवढं एकच झालं.

*

अण्णा 'करू' का म्हणाले, हे खाली कारखान्यात शिकंज्यात दाबून ठेवलेलं होतं.

शिकंजा म्हणजे लोखंडाचं जाड चौकटीचं यंत्र. वर चाक, चाकाखाली स्क्रू, स्क्रूखाली पोलादी पाट. पुस्तक खाली ठेवायचं, चाक फिरवायचं, पाट खाली येतो. त्यात सध्या आत्यांच्या जुन्या शाळेचं नकाशांचं पुस्तक होतं. इतकं मोठं, की पहिली-दुसरीतल्या मुलांना पान उलटायला दोन्ही हात लागत. त्यातल्या प्रत्येक समुद्रात कोणीतरी पेन्सिलीने छोट्या होड्या काढल्या होत्या, आणि आत्यांनी त्या कधी खोडल्या नव्हत्या. शाळेच्या कपाटामागची नळी गळली, पुस्तक भिजलं, वाळलं, आणि त्याचे पुठ्ठे आतल्या होड्यांसारखेच दोन्ही टोकांनी वर आले. हे काम बाटलीतल्या गोंदाने करणारे पुष्कळ होते. शाळेला ते अण्णांकडूनच करून हवं होतं.

वाकलेलं पुस्तक सरळ करायची अण्णांची रीत अशी की सकाळी कारखाना उघडल्यावर चाकाला पाव फेरा द्यायचा. नंतर दिवसभर त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाव फेरा. कागद घाई केली की रुसतो, असं ते म्हणत. धाकटा हे लहानपणापासून ऐकत आला होता, त्यामुळे त्याला त्यात काही विशेष वाटत नसे.

पुस्तक पुरं करायला अण्णांना वेळ हवा होता, आणि वाद घातला असता तर थोरल्याने कुलूप त्याच दिवशी आणलं असतं. शिवाय ते काही गोष्टींमध्ये फार सरळ होते. 'करू' म्हटलं की ते करत. घरातला हा गुण त्यांच्या एकट्याकडे होता, हे सगळ्यांच्या नंतर लक्षात आलं.

*

थोरली सून सोमवारपासून आठवडाभर मुक्कामाला आली. तिला फेकण्यातला आनंद इतक्या मोठ्या प्रमाणावर कधी मिळाला नव्हता. साखरेचा डबा गेला, मुरंब्याची बरणी गेली, बिस्किटं गेली, आत्यांनी खोकल्यासाठी ठेवलेली खडीसाखर गेली. ओट्याखाली कोपऱ्यात एक भला मोठा पांढरा डबा होता. झाकण उघडलं तर मैदा, काठोकाठ. तिला आतून धक्का बसला. एवढा मैदा दोन म्हातारी माणसं खातात, आणि वर जिन्यात बसतात. तिने डबा स्वतः खाली नेऊन कचऱ्याच्या गाडीत रिकामा केला आणि वर येऊन हात धुतले. मग खोलीचं दार लावून पर्समधल्या चॉकलेटचा एक तुकडा खाल्ला, कारण काम अंगमेहनतीचं झालं होतं.

बुधवारी अण्णा खळ शिजवायला वर आले. पुस्तकाच्या कण्यावर कापडी पट्टी चिकटवायची तर खळ लागते. खळ मैद्याची असते, आणि त्यात कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद असतं. त्यांनी ओट्याखाली हात घातला. हात रिकामा परत आला.

सुनेने मान ताठ ठेवून सांगितलं, की अण्णा, मैदा या घरातून गेला तो गेला.

अण्णा म्हणाले, "सूनबाई, ती खळ मी इतकी वर्षं करतोय. एकदाही चाखलेली नाही."

तिचा चेहरा उतरला. पण माघार घ्यायची तर तक्ता खोटा पडत होता. तिने फोनवर नवऱ्याला विचारलं. त्याने तिकडून निकाल दिला, की मैद्याला सूट दिली तर उद्या साखरेला द्यावी लागेल. बाजारात बाटलीतला गोंद मिळतो. अण्णांनी फोन घेऊन सांगितलं, की बाटलीतला गोंद दगड होतो, पुढच्या माणसाला पुस्तक पुन्हा उघडता येत नाही. खळ ओल्या फडक्याने सुटते. पुढचा माणूस कोण, असं थोरल्याने विचारलं. अण्णांनी फोन सुनेच्या हातात दिला आणि जिना उतरून गेले.

सुनेने मग मनापासून एक तोडगा काढला. कोंड्याचं पीठ शिजवून दिलं. पौष्टिक होतं. धाकट्याने एका जुन्या वहीवर लावून पाहिलं, तर पट्टी वाळून आपोआप गळून पडली आणि वहीच्या पाठीवर सालपटं राहिली. म्हणून गुरुवारी धाकटा दोन गल्ल्या सोडून असलेल्या बेकरीतून मैदा आणायला गेला. शर्टाच्या आत पुडी लपवून तो बऱ्याच उशिराने परतला. मिशीवर पीठ होतं, जे समजण्यासारखं होतं, आणि ओठाच्या कोपऱ्यात क्रीम होतं, ज्याबद्दल आत्यांनी काही विचारलं नाही.

आत्यांना तोवर सगळा वर्ग कळला होता. सून दुपारी खोलीचं दार का लावते ते कळलं होतं. थोरला पहाटे अण्णांना धावायला न्यायला गाडीने येई, कोपऱ्यापर्यंत पुढे धावे, मग मुरगळलेल्या घोट्याचं कारण सांगून गाडीत बसून अण्णांना प्रोत्साहन देई, हेही त्यांना खिडकीतून दिसलं होतं. गाडीच्या काचा बंद करून तो बराच वेळ काहीतरी चावत असे. एकटे अण्णा तक्त्यावर लिहिलेलं सगळं करत होते. धावत होते, उकडलेलं खात होते, रात्री कोमट पाणी पीत होते, आणि गोळीही रोज घेत होते, कारण डॉक्टरबाईंना तसं कबूल केलं होतं. त्यांचा हात सुई ओवताना हलतोय, हे आत्यांनी शुक्रवारी पाहिलं. त्या म्हणाल्या, "अरे, थोडं खाऊन घे." अण्णा म्हणाले, "अक्का, आठवडा तर पुरा करू दे."

*

शनिवारी सकाळी थोरला कारखान्यात आला, तेव्हा त्याचा हेतू चांगला होता. त्याच्या बहुतेक गोष्टींचा असे.

अण्णा कामाच्या मेजाशी स्टुलावर बसले होते. चेहरा कागदासारखा. मैद्याच्या भानगडीत कामाचा खोळंबा झाला होता, शाळेतून विचारणा आली होती. थोरल्याला मनातून वाईट वाटत होतं, पण वाईट वाटलं की त्याला काहीतरी करून टाकावंसं वाटे. त्याने विचारलं, की या पुस्तकाचं अजून किती राहिलंय? अण्णा म्हणाले, सरळ झालं की झालं. मग पाणी प्यायचं म्हणून ते उठले आणि भिंतीला हात टेकत जिन्याकडे गेले. धाकटा मागच्या खोलीत कागद मोजत होता.

थोरला शिकंज्यापुढे उभा राहिला. लहानपणी या चाकाला हात लावायची त्याला बंदी होती. धाकट्याला पुढे परवानगी मिळाली, तोवर हा कॉलेजात होता. पाटाखाली पुस्तकाची कड अजून किंचित वर उचललेली दिसत होती. एवढंसं तर राहिलंय, त्याने मनाशी म्हटलं. अण्णा रोज पाव फेरा देत बसतात, म्हातारा माणूस, जोर कुठून आणणार. त्याने बाह्या वर केल्या, दोन्ही हातांनी चाक धरलं आणि फिरवलं. चाक सहज फिरलं. मग थोडं कष्टाने फिरलं. मग त्याने पायाने चौकटीला रेटा दिला.

कोरडी फांदी मोडावी तसा आवाज झाला. फार मोठा नाही.

अण्णा जिन्यात होते. जन्मभर पुस्तकं बांधणाऱ्या माणसाला तो आवाज पुस्तकाच्या कण्याचा आहे हे कोणी सांगावं लागत नाही. ते वळले, आणि वळता वळता खाली बसले. या वेळी ते बसले की पडले, यावर वाद झाला नाही. भिंतीला डोकं टेकून ते होते, कपाळावर घाम, ओठ पांढरे, आणि आत्यांनी हाक मारली तर उत्तर उशिराने येत होतं.

सकाळची गोळी उपाशीपोटी गेली होती. आत्यांनी पूर्वी वर्गात एका मुलीला असं होताना पाहिलं होतं. त्यांनी मागे वळून शांतपणे सांगितलं, "साखर आणा."

कोणी हललं नाही. आत्यांनी पुन्हा सांगितलं, तेव्हा सुनेच्या तोंडून कसंबसं निघालं, "आत्या, घरात साखर नाही."

जिन्याच्या वरच्या टोकाला सून, खालच्या टोकाला दोन मुलगे, आणि मध्ये अण्णा. सून क्षणभर थोरल्याकडे बघत राहिली. तिला तो क्षण पुढे पुष्कळदा आठवला, कारण तेवढ्या वेळात तिने खरोखर विचार केला होता, की आता हे उघडं पडेल. मग ती धावत खोलीत गेली, पर्स घेऊन आली आणि पायरीवर उपडी केली. चॉकलेटं, लिमलेटच्या गोळ्या, अर्धा केक कागदात. धाकटा कागद कापायच्या यंत्रामागे हात घालून सरबताची बाटली घेऊन आला. थोरला रस्त्यावर पळाला, आणि घोटा मुरगळलेल्या माणसाच्या मानाने फार वेगात पळाला. गाडीतून त्याने बेकरीचा खोका आणला, दोरीसकट.

आत्यांनी सरबत घोटाघोटाने पाजलं. थोडा वेळ गेला. अण्णांच्या ओठांना रंग आला. त्यांनी डोळे नीट उघडले, पायरीवरचा सगळा थाट पाहिला आणि क्षीण आवाजात विचारलं, "कोणाचा वाढदिवस आहे?"

*

डॉक्टरबाई त्या दिवशी आवाज न चढवता रागावल्या. त्यांनी अण्णांना विचारलं, मी काय सांगितलं होतं? अण्णांनी शब्दन्‌शब्द म्हणून दाखवलं, जेवण चुकवायचं नाही इथपासून. मग यातलं काय केलंत? अण्णा म्हणाले, गोळी घेतली. थोरला कोपऱ्यात उभा राहून भिंतीवरचा डोळे तपासायचा तक्ता वाचत होता.

रविवारी पुन्हा सगळे वरच्या खोलीत. तक्ता भिंतीवर तसाच होता, चिमणीच्या खुणांप्रमाणे आठवडा सर्वांनी शंभर टक्के पार पाडला होता. थोरल्याला आपली चूक कळली नव्हती असं नाही. ती कळल्यामुळेच त्याला आता सगळं एकदम निस्तरायचं होतं. तो म्हणाला की तीन महिने थांबण्यात अर्थ नाही. कारखाना उद्याच बंद करू. अण्णा आजच माझ्याबरोबर चला. नकाशांच्या पुस्तकाचं शाळेला मी सांगतो, नवीन घेऊन देतो.

या वेळी मात्र खोलीतली माणसं वेगळ्या बाजूंना सरकली होती. सुनेने नवऱ्याकडे न बघता सांगितलं, की लिफ्टने वर गेल्यावर अण्णा दिवसभर काय करणार, हे तक्त्यात लिहिलेलं नाही. थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं. तिथून त्याला नेहमी मूक पाठिंबा मिळत असे.

धाकटा खाली बघत नखांत अडकलेली खळ काढत होता. तसाच म्हणाला, "दादा, तो कारखाना माझाही आहे. बंद करायचा तर मलाही विचारायला हवं. कोणी विचारलं नाही."

एवढं लांब तो त्या खोलीत आजवर बोलला नव्हता. थोरला खुर्चीवर बसला. पहिल्यांदाच त्या आठवड्यात तो बसून बोलला, आणि जे बोलला ते तक्त्यावर नव्हतं.

"अण्णा, तुम्ही पुन्हा पडलात आणि मी इथे नसलो तर?"

आत्यांना वाटलं, हे पोराने मागच्या रविवारी विचारलं असतं तर मैदा वाचला असता. पण मूल फळ्यापुढे खडू धरून उभं असताना मागून उत्तर सांगायचं नसतं.

अण्णा म्हणाले, "तर मग इथे ये. रोज सकाळी. चालत ये, गाडी नको. कणा तू मोडलायस, मी शिवून देतो. पण पुठ्ठे पुन्हा सरळ व्हायचेत. त्याला रोज पाव फेरा तू द्यायचा."

"फक्त पाव फेरा द्यायला चालत येऊ?"

"हो."

"आणि बाकी?"

"बाकी डॉक्टरबाईंनी सांगितलंय तेच. तू आलास की मी तुझ्याबरोबर शाळेच्या फाटकापर्यंत येईन. चहाची साखर सूनबाई मोजून तुझ्याबरोबर पाठवेल, पण एकदम पुसून टाकायची नाही. आणि मैद्याच्या डब्याला कोणी हात लावायचा नाही."

थोरल्याने विचारलं, यात कायापालट कुठे आहे? अण्णा म्हणाले, "नाहीच आहे." मग चिमणीला सांगितलं, की तक्त्याची मागची बाजू कोरी आहे, खाली वाकल्या पुठ्ठ्यांमध्ये अस्तराला कागद लागेल. तिने तो दोन्ही हातांनी उतरवला.

*

त्यानंतरचे दिवस कादंबरीत घालण्याजोगे नाहीत. थोरला सकाळी चालत येई. सुरुवातीला तो अशा चेहऱ्याने येई, जसं काही ट्रकचा ताफा घेऊन एक टाचणी पोहोचवायला निघालाय. चाकाला पाव फेरा देई, आणि मग त्याला तिथेच थांबवत नसे. एकदा त्याने अर्ध्या फेऱ्याबद्दल वाटाघाटी करून पाहिल्या. अण्णा सुईत दोरा ओवत होते, त्यांनी ऐकलंच नाही. नंतर दोघे फाटकापर्यंत जात. आधी अण्णा वाटेत दुकानाच्या ओट्यावर बसत, मग एक दिवस बसायचं विसरले. सून चहातली साखर अशी बेताने कमी करत होती की अण्णांना ती कळत नव्हती; त्यांना कळत होतं, पण तिला ते कळू देत नव्हते. धाकटा बेकरीत जाणं बंद करू शकला नाही, पण येताना लांबून येऊ लागला. कोणाच्याही प्रकृतीत एकदम डोळ्यांत भरण्यासारखं काही झालं नाही. शेजाऱ्यांनी विचारलं नाही, की काय विशेष करता हो?

नकाशांचं पुस्तक शाळेत परत गेलं. पुठ्ठे सरळ झाले होते, फक्त एका कोपऱ्याला अगदी किंचित लाट राहिली. अण्णांनी नव्याने शिवलेला कणा आत्यांनी बोटाने चाचपून पाहिला आणि सगळ्यात आधी समुद्र उघडले. होड्या जागच्या जागी होत्या.

तीन महिन्यांनी सगळे दवाखान्यात गेले, कारण त्या दिवशी कारखान्याचा निकाल होता. थोरल्याने कंपनीतून सुट्टी काढली होती. डॉक्टरबाईंनी कागद वाचला, पुन्हा वाचला, चष्मा कपाळावर नेला.

"साखर थोडी उतरलीय. दाबही थोडा. वजन अगदी थोडं. छान आहे, असंच चालू द्या. तीन महिन्यांनी या."

थोरल्याच्या तोंडून निघून गेलं, "एवढंच?"

धाकट्याने फक्त खिशातून कारखान्याच्या किल्ल्या काढल्या, एकदा वाजवल्या आणि परत खिशात टाकल्या.

दुसऱ्या दिवशी थोरल्याला यायचं काही कारण नव्हतं. पुस्तक गेलेलं होतं, मुदत संपलेली होती. तरी दार उघडून अण्णा दिवा लावतात तोच तो पायरीशी उभा होता, चपला धुळीने भरलेल्या. शिकंज्यात रात्री धाकट्याने दुसरं काहीतरी लावून ठेवलं होतं, कोणाचा तरी जाडजूड शब्दकोश, एका कडेने फुगलेला. तो कुणाचा, किती घाईचा, थोरल्याने काही विचारलं नाही. चाक दोन्ही हातांनी धरलं, पाव फेरा दिला. चाक सैल होतं. अजून सहज फिरलं असतं.

अण्णा मेजाशी बसून चहा ढवळत होते. चमचा कपात थांबला.

थोरल्याने चाकावरून आधी एक हात काढला. मग दुसरा.

"चला," तो म्हणाला. "फाटकापर्यंत."